बंदुकीचा परवाना की बंदुकीची जप्ती?

खेड्यात आपल्या माणसांवर अत्याचार झाल्याची बातमी आली की चार दिवसांच्या आत एक मागणी ठरल्याप्रमाणे पुढे येते : "आमच्या लोकांना बंदुकीचे परवाने द्या." सभा भरते, टाळ्यांचा कडकडाट होतो, निवेदनाच्या प्रतीवर कलेक्टर कचेरीचा आवक शिक्का उमटतो आणि पुढारी मोटारीत बसून दुसऱ्या सभेला जातात. त्या निवेदनाचे पुढे काय झाले, किती परवाने मिळाले, कोणाला मिळाले, हे विचारावयास सहसा कोणी जात नाही. या मागणीला माझा विरोध आहे. तो भित्रेपणातून आलेला नाही, की शेजाऱ्याशी गोडीगुलाबीने राहा असा उपदेश करणाऱ्या मंडळींच्या पंक्तीतही मी बसलेलो नाही. ज्या नियमाच्या आधारे ही मागणी केली जाते तो नियम मी वाचला आहे, आणि त्यातील आपल्या फायद्याचे कलम सोडून आपण भलत्याच कलमाला मिठी मारून बसलो आहोत, असे माझे मत आहे.

हा प्रश्न देहूरोडमध्ये वारंवार निघतो याचे नवल वाटावयास नको. ही वस्ती लष्कराच्या आश्रयाने वाढली. येथील कित्येक घरांची चूल डेपोच्या पगारावर पेटली, १९८४ नंतर ऑर्डनन्स फॅक्टरीच्या पगारावर पेटली. येथल्या माणसाला दारूगोळ्याचे भय नाही आणि अप्रूपही नाही. फौजेतून निवृत्त झालेला आपला जवान परवान्याची बारा बोअरची बंदूक खांद्याला लावून एखाद्या बँकेच्या दारात उभा असतो. (आपल्या समाजाच्या हाती आज ज्या थोड्याबहुत परवान्याच्या बंदुका दिसतात, त्या बहुधा अशा परक्याच्या तिजोरीच्या राखणीसाठी असतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.) अशा घरी गावाकडचा भाऊबंद येतो. त्याने नुकतीच दीक्षा घेतलेली असते, जत्रेची वर्गणी नाकारलेली असते, गावकीचे काम सोडलेले असते, आणि त्यामुळे पाटलाच्या वाड्यावर त्याचे नाव डोळ्यांत भरलेले असते. तो म्हणतो, "दादा, तुमची इकडे ओळख आहे. परवान्याचं काही जमतं का बघा." त्याची धास्ती खरी आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे आणि ते खरे दिले पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. "राज्य सरकारने बंदुकांचा कडक कायदा करावा" असे काहीजण म्हणतात, तर "राज्य सरकारने आमच्यासाठी सैल कायदा करावा" असे दुसरे म्हणतात. दोघांचाही अर्ज चुकीच्या पत्त्यावर जातो. शस्त्रास्त्रे व दारूगोळा हा विषय संविधानाच्या सातव्या परिशिष्टातील केंद्राच्या सूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम संसदेचा, २०१९ ची त्याची दुरुस्ती संसदेची आणि २०१६ चे शस्त्र नियम केंद्र सरकारचे. मात्र परवाना देणारा हात राज्याच्या अधिकाऱ्याचा असतो. देहूरोड-तळेगावात तो पोलिस आयुक्तांचा, तर वडगाव-लोणावळ्याकडे जिल्हाधिकाऱ्यांचा. म्हणजे कायदा दिल्लीचा आणि मर्जी येथली. आपले सारे भांडण या मर्जीशी आहे.

आता परवान्यांच्या मागणीचा जो मूळ आधार, तो नियम. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालचे नियम १९९५ चे. नियम ३ म्हणतो की, ज्या भागात अत्याचार घडेल किंवा पुन्हा घडेल असे सरकारला वाटते, तो भाग सरकारने निश्चित करावा. मग तेथे काय करावे? उपनियम (तीन) : जरूर वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींचे नसलेल्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातलगांचे, नोकरांचे व स्नेह्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. उपनियम (चार) : सर्व बेकायदा बंदुका जप्त कराव्यात व त्यांची बेकायदा निर्मिती बंद पाडावी. उपनियम (पाच) : जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी, जरूर वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्रपरवाने द्यावेत.

बौद्ध झाल्याने आपण या नियमाच्या बाहेर गेलो काय, अशी शंका नवदीक्षित घरांतून हमखास विचारली जाते. तसे नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू व शीख यांच्या जोडीला बौद्धांचाही समावेश झाला आहे. धर्म बौद्ध लिहिल्याने संरक्षण जात नाही. परंतु जातीचा दाखला वेळीच काढून ठेवा, कारण फिर्यादीच्या दिवशी पहिला कागद तोच मागतात.

वकिलाच्या डोळ्याने हे तीन उपनियम पुन्हा वाचा. तिसऱ्यात आणि पाचव्यात "जरूर वाटल्यास" हे शब्द आहेत. कोणाला जरूर वाटल्यास? आपल्याला नव्हे, सरकारला! चौथ्यात मात्र ती पळवाट नाही. बेकायदा बंदुका जप्त करा, एवढेच तो म्हणतो आणि तेथेच थांबतो. आपले पुढारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेल्या पाचव्यासाठी घसा कोरडा करतात. ज्यात अधिकाऱ्याला मर्जीच ठेवलेली नाही त्या चौथ्याचे नाव आजवरच्या किती निवेदनांत आले, हे ज्याने त्याने आपापल्या संघटनेच्या फायली उघडून पाहावे.

परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे हलके लेखून चालणार नाही, कारण ते बाबासाहेबांचाच आधार घेतात. १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी विचारले होते की, या देशातील तळच्या वर्गांनी इतका जुलूम सोसूनही क्रांती का केली नाही? चातुर्वर्ण्याने त्यांचे हात बांधले, शस्त्र धरण्याचा अधिकार काढून घेतला, आणि शस्त्रावाचून बंड करता येत नाही, असे त्यांचे उत्तर होते. याला इतिहासाची साक्षही आहे. गावकीच्या व्यवस्थेने महाराच्या हाती घुंगुरकाठी दिली, ती सरकारचा वसूल सांभाळण्यासाठी, स्वतःची झोपडी सांभाळण्यासाठी नव्हे. १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी "लढवय्या जाती"चे खूळ डोक्यात घेऊन मुंबई फौजेचे दरवाजे महारांना बंद केले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली विलायतेपर्यंत अर्ज पाठविला. १९१७ साली पलटण उभी राहिली, ती १९२१ साली मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत हा वनवास संपला नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याची कथाही तशीच. सर्व हिंदी प्रजा निःशस्त्र, आणि गोऱ्या साहेबांना, खिताबधारी बड्या लोकांना सूट. तेव्हा "शस्त्रांवरील निर्बंध म्हणजे दुबळ्याला दुबळे ठेवण्याचे साधन" असे जो म्हणतो त्याच्याजवळ पुरावा आहे.

मात्र त्याच ग्रंथातील तोच परिच्छेद पुढे वाचावयास हवा. युरोपातील दुबळ्या माणसापाशी तीन शस्त्रे होती, असे बाबासाहेब तेथे सांगतात : सैन्यात भरती होण्याची मोकळीक हे शारीरिक शस्त्र, सोसलेल्या दुःखातून येणारे राजकीय शस्त्र आणि शिक्षण हे नैतिक शस्त्र. घराच्या फळीवर ठेवलेले पिस्तूल या यादीत नाही. याच विचाराचा माणूस १९४८ च्या डिसेंबरात घटना परिषदेत उभा राहिला. हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती आणली होती. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात हा हक्क होताच, तेव्हा कामतांची बाजू लोकप्रिय होती. बाबासाहेबांनी ती फेटाळली. परकी सत्तेने सर्वांना निःशस्त्र केले होते त्या परिस्थितीत ती मागणी समजण्यासारखी होती, परंतु आता परिस्थिती पालटली आहे. असा हक्क मूलभूत झाला तर सराईत गुन्हेगारालाही शस्त्र नाकारणे राज्याला अवघड होईल, आणि कोणीही बाजारात जाऊन मारण्याची साधने विकत घेऊ लागला तर राज्य चालावयाचे कसे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या त्याच्या कर्तव्यावर त्यांनी भर दिला. १९३६ चे बाबासाहेब आणि १९४८ चे बाबासाहेब यांत विरोध दाखविणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे : शस्त्र राज्याचे असावे आणि त्या राज्याच्या फौजेत, पोलिसांत, न्यायासनावर आपला माणूस बरोबरीने बसलेला असावा, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

पंचशीलाचा दाखला देऊन हा प्रश्न दोन वाक्यांत निकालात काढणारेही भेटतात. त्यांचेही मला पटत नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत बाबासाहेबांनीच 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये फरक केला आहे. अंगावर कुऱ्हाड घेऊन येणाऱ्यापुढे मान वाकवावी असे धम्म सांगत नाही, आणि कायदाही सांगत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, व तो हक्क वापरण्यासाठी काठीला, कोयत्याला, मिरचीच्या पुडीला परवाना लागत नाही.

अमेरिकेचे उदाहरण हल्ली तरुण मंडळी वारंवार देतात. तेथे शस्त्र बाळगणे हा घटनेतील हक्क आहे, आणि त्यावरील राज्याराज्यांच्या निर्बंधांवरून अखंड झगडा चालतो. त्या झगड्यात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. यादवी युद्ध संपताच १८६५ साली मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या निग्रोंना परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची बंदी केली. १९५६ साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. १९६७ साली ब्लॅक पँथरचे तरुण उघड बंदुका घेऊन फिरू लागताच कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळाने भरलेल्या बंदुका उघड बाळगण्यावर बंदी घातली, आणि गव्हर्नर रेगन यांनी तिच्यावर सही केली. याच पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव आले. हक्क कागदावर सर्वांचा होता, पण काळ्या माणसाने तो वापरावयास घेताच कायदा बदलला! ज्या देशात हा हक्क घटनेत कोरलेला आहे तेथे ही गत, तर जेथे तो अधिकाऱ्याच्या "जरूर वाटल्यास" या शब्दांवर लटकला आहे तेथे मावळातल्या शेतमजुराच्या वाट्याला काय येईल?

काय येते ते सांगतो. १९५९ च्या अधिनियमाच्या कलम १४ मध्ये एक चांगले वाक्य आहे : अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कायदा गरिबाच्या बाजूने बोलतो. आता अर्ज करून पाहा. पोलिसांचा अहवाल पाहिजे, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला पाहिजे, ते सुरक्षित कुलूपबंद ठेवण्याची सोय पाहिजे. कुडाच्या भिंतीत ती सोय कशी करणार? मग शस्त्राची किंमत. सरकारी कारखान्यात तयार होणारे साधे रिव्हॉल्व्हरही लाखाच्या घरात जाते. गरिबी हे नाकारण्याचे कारण नाही खरे, परंतु तेच घेता न येण्याचे कारण आहे.

त्याहून मोठा अडथळा वेगळाच आहे. खेड्यात आपल्या माणसाने अत्याचाराची फिर्याद दिली की संध्याकाळपर्यंत त्याच्यावर उलट फिर्याद दाखल होते, चोरीची, मारहाणीची, विनयभंगाची. वकिलीत अशी जोडफिर्याद नसलेले प्रकरण माझ्या हाती क्वचितच आले. पोलिस अहवालात मग "अर्जदारावर गुन्हा नोंद आहे" हे वाक्य येते, आणि सार्वजनिक शांततेच्या नावाखाली अर्ज निकालात निघतो. ज्याला धोका आहे त्याच्यावरच गुन्हा नोंदलेला असतो, म्हणून ज्याला गरज आहे त्यालाच परवाना मिळत नाही. आणि समजा मिळाला, तर? दोनशे घरांच्या गावात आपली दहा घरे. त्यांत एक बंदूक. उद्या जमाव चालून आला तर "त्यांच्याकडे बंदूक होती, आम्हाला जिवाचे भय वाटले" हा बचाव न्यायालयात आपल्या विरुद्ध उभा राहील, आणि आपण एक गोळी झाडली तर खुनाचा पहिला आरोपी आपलाच मुलगा असेल.

महाराष्ट्रातील अत्याचारांत कोणती हत्यारे वापरली गेली, तेही आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले ते काठ्यांनी, कुऱ्हाडींनी, सायकलच्या साखळ्यांनी; त्या जमावापुढे एक पिस्तूल किती वेळ टिकले असते? शिवाय त्या खटल्यात आरोपींना जन्मठेप झाली, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी धरले गेले नाही, भंडाऱ्यातही नाही आणि उच्च न्यायालयातही नाही. खैरलांजीला जो कायदा लागला नाही, त्याच कायद्याच्या नियमाखाली आपण बंदूक मिळण्याची वाट पाहतो आहोत! २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात एका शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकावले गेले. २०१७ च्या नोव्हेंबरात सर्व आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. तेथे बंदूक कमी पडली नाही, साक्षीदाराला संरक्षण कमी पडले. आणि जेथे खरोखर गोळ्या चालल्या, त्या ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात, त्या राज्य राखीव पोलिसांच्या होत्या. दहा माणसे गेली. त्या बंदुकांवर उतारा म्हणून घरोघर बंदूक मागणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मग बंदुका आहेत कोणाजवळ? २०२४ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष हत्या झाली. पवनचक्की प्रकल्पाच्या रखवालदाराला मारहाण झाली तेव्हा ते मध्ये पडले होते. त्या हत्येनंतर सगळ्या महाराष्ट्राला कळले की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिलेले आहेत. पुढाऱ्यांच्या मागेपुढे कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांची छायाचित्रे लोकांनी पाहिली. गुन्हे नोंदलेल्यांनाही परवाने असल्याचे निघाले, आणि मग फेरतपासणी होऊन परवाने रद्द होऊ लागले. एका सरपंचाचा जीव जावा लागला, तेव्हा कोठे ही तपासणी सुरू झाली. आपल्या मावळातही जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून पिस्तूल नवे राहिलेले नाही. २०२३ च्या मे महिन्यात तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या आवारात भरदिवसा एका स्थानिक पुढाऱ्याला गोळ्या घालून व कोयत्याने वार करून ठार मारण्यात आले. परवान्याची बंदूक वाड्यावर असते, बेकायदा कट्टा मध्यप्रदेशच्या सीमेवरील उमर्टीकडून येतो. दोन्हींचे तोंड गावात कोणीकडे वळते हे सांगावयास नको.

संसदेतही हेच दिसले. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात एका माणसाला तीनऐवजी एकच शस्त्र ठेवू द्यावे असा मूळ प्रस्ताव होता. वाडवडिलांच्या बंदुका, घराण्याची परंपरा, खेड्यातील रक्षण असे आक्षेप आले आणि एकाची दोन शस्त्रे झाली. वाडवडिलांची बंदूक! आपल्या वाडवडिलांनी मागे काय ठेवले ते आपल्याला ठाऊक आहे. शस्त्रे कमी करण्याचा कायदा आला की तो सैल करण्यासाठी ज्यांच्याकडे शस्त्रे आहेत तेच धावतात, एवढ्यावरून त्या कायद्याने कोणाचे बळ घटते हे उघड होते. आणि आपण "आम्हालाही द्या" म्हणत त्यांच्याच मागे रांगेत उभे राहिलो, तर त्यांच्या दोन बंदुकांना आपली सही मिळते. एकदा "रक्षणासाठी ज्याला त्याला बंदूक" हे तत्त्व मान्य केले की आपल्या एकामागे त्यांचे दहा अर्ज मंजूर होतील, आणि आपल्याला तक्रारीला तोंड राहणार नाही.

म्हणून मागणीचा मोहरा फिरवा. पाचव्या उपनियमासाठी सभा पुष्कळ झाल्या, आता तिसऱ्या आणि चौथ्यासाठी होऊ द्या. दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक होणे नियम १७ प्रमाणे बंधनकारक आहे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची बैठक जानेवारीत व जुलैत व्हावी असे नियम १६ सांगतो. या बैठका होतात काय, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा तिकीट लावून विचारता येते. रिव्हॉल्व्हरला लाख लागतात, याला दहा रुपये लागतात.

आपल्या विहाराच्या पुढील रविवारच्या सभेत जे तरुण लिहिते-वाचते असतील त्यांनी अर्ज तयार करावा, एक पोलिस आयुक्तांकडे आणि एक जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यात एवढेच विचारावे : आपल्या हद्दीत आज किती शस्त्रपरवाने चालू आहेत, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदलेल्या किती व्यक्तींकडे ते आहेत, नियम ३ खाली आजवर कोणती गावे निश्चित केली, त्या गावांतून किती परवाने रद्द करून किती शस्त्रे शस्त्रागारात जमा केली, किती बेकायदा बंदुका जप्त केल्या, आणि तेथे विशेष पोलिस दल कोणत्या तारखेस नेमले. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे. उत्तर "निरंक" आले तर ते जपून ठेवावे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला त्याच कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद आहे, आणि त्या फिर्यादीला तोच "निरंक" कागद जोडावा लागेल.